कलरवाला

सलमाबादच्या कॅम्पात मला नावानं कोणी ओळखत नाही.
दाऊद सरखोत, राहणार पालशेत, तालुका गुहागर,
हे फक्त पासपोर्टाला ठाऊक.
इथं मी कलरवाला.
शुक्रवारी जुम्म्यानंतर जिना चढतो,
हातात बीपीचं मशीन, काखेत वही,
आणि दारातूनच विचारतो:
सकाळी कुठला रंग होता?

पहिल्या वर्षी हसले.
म्हणाले, हा माणूस मुतावर पगार घेतो.
खरंच आहे. घेतो.
व्हिसावर मात्र 'हेल्पर' लिहिलंय,
कोणाचा, ते लिहिलेलं नाही.

दवाखान्यानं तक्ता दिला होता, आठ चौकोनांचा,
खाली अरबी आणि इंग्रजी.
एसीच्या पाण्यानं तो आठवड्यात गळून पडला.
मग मी चहाच्या टपरीवरचे रंग घेतले.
लिंबूपाण्यासारखा असेल तर झोप.
सुलेमानीसारखा असेल तर बाटली उचल, आत्ता, माझ्यासमोर.
कोकमासारखा...
इथं अडलो. नोआखालीच्या माणसाला कोकम कुठून दाखवू?
घरून आलेली आमसुलं ग्लासात भिजवली
आणि चौदा नंबरच्या खोलीत फिरवली.
असा दिसला तर माझा फोन वाजवायचा, रात्री दोनलासुद्धा.
शफीकुलनं तो ग्लास पिऊन टाकला.
म्हणाला, चांगलं आहे, साखर हवी होती.

मल्लेश सळया बांधायचा. जगतियालचा.
लिंबू, म्हणायचा, रोज लिंबू, भाई.
माझ्या वहीत त्याच्या नावापुढे
सतरा आठवडे लिंबू.
मग एकदा दाराबाहेरच्या ढिगात
बुटांची एक जोडी दिसली, मागून ब्लेडनं चिरलेली,
टाचा मावाव्यात म्हणून.
मी वही मिटली.
खाली बसून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला.
खळगा पडला
आणि कितीतरी वेळ भरलाच नाही.

तो वर बघेना.
म्हणाला, कंपनीला कळलं तर तिकीट काढतील.
धाकटीचं लग्न माघात आहे.
मी म्हणालो, काढतीलही.
मग दोघं पंख्याकडे बघत बसलो.

डॉक्टर फखरियांकडे एका माणसाला सहा मिनिटं.
त्यातली दोन कार्ड शोधण्यात जातात.
किती दिवसांपासून?
मल्लेश म्हणाला, दोन दिवस.
मी मागे, वजनकाट्यापाशी,
जिथं मला उभं राहायची परवानगी आहे, बोलायची नाही.
म्हणालो, रमजानच्या आधीपासून, डॉक्टर.
काम बाराव्या मजल्यावर. तिथं संडास नाही,
म्हणून हा पाणी पीत नाही.
अंगदुखीच्या गोळ्या रोज दोन, दुकानातल्या.
आणि त्याचे बूट बघा.
पेन थांबलं.
त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे,
आणि खुर्ची पुढे ओढली.
त्या दिवशी रांग खोळंबली. शिव्या मला बसल्या.

किडनी निम्मी गेली होती. निम्मी राहिली.
राहिलेलं कुठल्या रकान्यात लिहायचं
ते वहीत छापलेलं नाही.
कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये बसवलं, पगार कापून.
दोन महिन्यांनी बाराव्या मजल्यावर संडास चढला,
निळा, प्लास्टिकचा, क्रेनच्या दोराला लटकत,
आणि माणसं खाली माना वर करून उभी,
वरात बघावी तशी.

रात्री शेवटच्या बसनं मुहर्रकला परततो.
आज सात जिने. पाण्याची बाटली एकच,
तीही मल्लेशपाशी राहिली.
बाथरूमचा दिवा गेलाय, महिना झाला.
मोबाइलची बॅटरी लावून खाली बघतो.
सुलेमानी.
गडद.
कोणी विचारलं तर
लिंबू सांगेन.